आगोटीच्या गोळ्या

"तळ दाखवूचो नाय, बाय," असं म्हणून काकी चहाचा कप खाली ठेवायची. कपात घोटभर चहा तसाच. त्यावर साय धरायची, सायीत मुंगी पडायची, आणि विसळताना माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "काकी, एवढो घोट तुका जड झालो?" ती म्हणायची, "जड न्हय गो. भांडां रिकामां केलां की तां परत भराक विसारता."

आता यावर माणसानं काय बोलावं? मी देवबागला पर्यटकांसाठी खोल्या चालवते. सकाळी घावणे, दुपारी माशांचं जेवण, आणि दिवसभर मोरीत कपबशांचा ढीग. मला भरलेलं भांडं कळतं आणि घासलेलं भांडं कळतं. काकीचं भांडं या दोहोंच्या मधलं कुठलं तरी.

ती माझी सख्खी काकी नव्हे, शेजारीण. सगळी वाडी तिला काकी म्हणायची, म्हणून मीही. नवरा बोटीवर खलाशी होता, तो फार वर्षांपूर्वी गेला. एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, मुंबईला नोकरीला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर हिचं कौलारू घर. त्यात ती एकटी. तुमच्याही शेजारी असेल बघा अशी एखादी म्हातारी, जिच्यावर आपण दिवसातून दहादा चिडतो आणि एक दिवस तिचा आवाज आला नाही तर पायात चप्पल न घालता धावतो.

चहाचं सोडा, तिच्या घरात काहीच पुरतं रिकामं व्हायचं नाही. तांदळाच्या डब्यात मूठभर तांदूळ कायम. खोबरेलाच्या बाटलीत बोटभर तेल. मिठाच्या बरणीत खडे. नवे तांदूळ आले की जुनी मूठ वर काढायची, नवे ओतायचे, आणि ती मूठ पुन्हा त्यांच्यावर. आमच्याकडे जुन्या बायका थोडंफार असं करतातच, माझी सासूही करायची. पण काकीचं म्हणजे अतीच होतं.

आणि याचं मूळ काय ते ती एकदाच बोलली. संध्याकाळी पडवीत दिवा लावत होती. शेजारचं घर मुंबईकरांचं, कायमचं बंद, दाराला वाळवी लागलेली. तिकडे बघून म्हणाली, "घर म्हंजे पण भांडांच. एकदा रिकामां झालां की परत भरणां नाय. मी आसय तवसर माझ्या घराक कुलूप नाय लागूचां." आमच्या वाडीत कुलूप लागलेली घरं काय कमी आहेत?

इथवर माझं काहीच म्हणणं नव्हतं. ज्याचा त्याचा देव, ज्याची त्याची मूठ. घोळ झाला तो गोळ्यांपासून.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही आगोट भरतो. सुके बांगडे, सोडे, आमसुलं, कांदे, मिरच्या, सगळं चार महिन्यांसाठी भरून ठेवायचं, कारण दर्या बंद, वाऱ्यापावसात बाजारात जायचे वांदे. काकीच्या आगोटीत आणखी एक गोष्ट असायची, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात गोळ्या.

या गोळ्या यायच्या माझ्याच खोल्यांतून. पर्यटक येतात, पहिल्या दिवशी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण वाटीनं पितात, कुठे तरी गाड्यावर बर्फाचा गोळा खातात, आणि दुसऱ्या दिवशी बाथरूममधून बाहेर येत नाहीत. मग मालवणला जाऊन डॉक्टरकडून गोळ्या आणतात. दोन दिवसांत बरं वाटतं की उरलेलं पाकीट टेबलावर टाकून निघून जातात. काकी फुलं काढायला माझ्या परड्यात यायची. जाता जाता एखादी पुण्याची बाई तिला म्हणायची, "मावशी, एवढं टाकून द्याल?" काकी आणि टाकून देणार! ती पाकीट पदरात बांधायची.

"कित्याक गो तुका ह्यां लोकांचां औषध?" मी विचारायचे.

"पावसात पोट बिघडलां तर खंय जावचां? आगोट ती आगोट."

कुठली गोळी कशाची हे ती रंगावरून ठरवायची. पांढरी तापाची, गुलाबी पित्ताची, आणि पिवळट मोठी ती 'पोटाची'. त्या पिवळट गोळीवर तिचा भारी जीव. नाव मेट्रोनिडॅझोल, पण काकी तिला 'पिवळी' म्हणायची, शेजारच्या गाईला हाक मारावी तशी. वाडीत कुणी पोट धरून आला की ती विचारायचीसुद्धा नाही, काय खाल्लंस, रक्त पडतं का, ताप आहे का. "एक पिवळी घे, बरां वाटात." आणि बरं वाटायचंही! ती बढाई नव्हती. आता त्यांचं पोट गोळीनं बरं व्हायचं की आपोआप, हे देवालाच ठाऊक. पण त्यामुळे माझाही गोंधळ उडायचा. बाईला चूक म्हणावं तर समोरचा माणूस पेज खाऊन हसतोय.

मग तांडेलाची भानगड झाली.

आमच्याकडे एक तांडेल आहे, म्हणजे होडीवरचा मुख्य. आडदांड माणूस, आवाज किनाऱ्यावरून किनाऱ्याला पोचणारा. त्याचं पोट बिघडलं होतं आणि काकीनं त्याला पिवळ्या दिल्या होत्या. त्याच दिवसांत जाग्याच्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, राखण द्यायची होती. वर्षाचा मान असतो, कोंबा म्हणजे कोंबडा, आणि सोरो म्हणजे दारू. माडाखाली सगळी जमली. जाणत्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, वाडीतल्या लेकराबाळांची राखण कर म्हाराजा," आणि आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" मग राखणदाराला दाखवून उरलेली वाटली. तांडेलानं आपल्या वाट्याची घशाखाली सोडली.

थोड्या वेळानं गड्याचं तोंड लालबुंद. छातीत धडधड, डोकं फुटतंय, आणि मग जी उलटी सुरू झाली ती थांबेचना. एवढा मोठा माणूस माडाच्या बुंध्याला मिठी मारून बसला. कायम पिणारा माणूस हो! त्याला एक घोट बाधेल कसा? बायका कुजबुजायला लागल्या. राखणदार रुसलो. कायतरी चुकलां. कोंबो काळो होयो होतो, तांबडो इलो. एकजण म्हणाला मापात दारू कमी दाखवली. शेवटी नव्यानं गाऱ्हाणं घातलं, नवा कोंबा आणला, नवी बाटली आणली. आणि मान राखायचा म्हणून त्या अर्धमेल्या तांडेलाला परत घोटभर पाजायला निघाले.

मी मध्ये पडले ती काही कळून नव्हे. मला दया आली इतकंच. आम्ही त्याला रिक्षात घालून मालवणला नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी, घाटावरची, बोलायला फटकळ. तिनं पहिला प्रश्न विचारला, "कुठली गोळी चालू आहे?" आणि पिवळीचं नाव ऐकून कपाळावर हात मारला. "या गोळीवर दारू चालत नाही. गोळ्या चालू असताना नाही, आणि शेवटची गोळी घेतल्यावरही तीन दिवस थेंब नाही. कुणी दिली?"

तांडेल म्हणाला, "काकीन."

"कोण काकी? डॉक्टर आहे का?"

तांडेलानं माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं.

घरी येऊन मी काकीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मगे राखणदार रुसाक नाय?" मी म्हटलं, नाही. "मगे दुसरो कोंबो फुकट गेलो?" आता बोला! वाडीत आजही दोन पक्ष आहेत. अर्धे म्हणतात गोळी बाधली, अर्धे म्हणतात कोंबा तांबडा होता. मी गोळीच्या पक्षात आहे, पण राखणीच्या दिवशी कोंबा काळा आहे ना ते गपचूप बघून घेते.

पुढच्या पावसाळ्यात काकीचंच पोट बिघडलं.

आव पडायला लागली. तिनं डबा उघडला, पिवळ्या घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या परत डब्यात. काही दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा डबा. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक, ती सांगायची थोडंच? मला दिसायचं ते एवढंच की काकी आज बरी असते आणि परवा नसते. चेहरा उतरला, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मी म्हणायचे डॉक्टरकडे चल. ती म्हणायची, "गेल्या खेपेक बरी झालंय ना? आतापण होतलंय."

बावीचं पाणी असेल म्हणून मी तिला पाणी उकळून द्यायला लागले. आमच्या विहिरी वाळूतल्या, आणि आता प्रत्येक परड्यात संडासाचे खड्डे. कोणाचं पाणी कुठे मुरतं कोण बघतो? तरी फरक पडेना.

आणि मग तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आता पोटाचा आणि खांद्याचा काय संबंध? मी तिळाच्या तेलानं खांदा चोळला. कुणी म्हणालं वात. कुणी म्हणालं बंद घराच्या बाजूनं जाताना काहीतरी बाधलं. काकी स्वतः म्हणाली, "पोटातलो रोग चढत चढत खांद्यार इलो, आता तोंडावाटे भायर पडात." एवढ्या दुखण्यात हिला विनोद सुचतोय! पण थंडी वाजून ताप भरला आणि बरगडीखाली हात लावू देईना, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मुंबईला फोन केला आणि तिला घेऊन निघाले.

मालवणच्या त्याच डॉक्टरनं कुडाळहून सोनोग्राफी करून आणायला लावली आणि काकीला आपल्याकडे दाखल करून घेतलं. यकृतात पू झाला होता. तेच आवेचे जंतू, आतड्यातून निघून यकृतात जाऊन बसले होते. खांद्याचं दुखणं तिथूनच येत होतं. मला ते काही केल्या समजेना. मी डॉक्टरला तीनदा विचारलं, "पण बाई, तेल खांद्याला लावत होते ना मी?" ती बिचारी तीनदा हो म्हणाली.

झील रात्रीची गाडी पकडून आला. आईला सलाइन लावलेलं बघून त्याचा चेहरा पडला. भला मुलगा आहे तो, उगीच त्याला वाईट म्हणायचं नाही. पण बाहेर येऊन त्यानं मला सरळ सांगितलं, "वयनी, या खेपेला बरी झाली तर राहू दे. पण हे परत उलटलं ना, तर मी ऐकणार नाही. घराला कुलूप लावून तिला मुंबईला नेणार. तिथे निदान दवाखाना जवळ आहे." काकीनं ते आतून ऐकलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिच्यासाठी सगळा प्रश्न आता तेवढाच उरला होता. रोग परत आला तर घर गेलं.

सुदैवानं पू उपसावा लागला नाही, औषधानं ताप उतरला. घरी सोडताना घाटावरच्या त्या डॉक्टरनं गोळ्या हातात दिल्या. "आजी, हीच तुमची पिवळी. पण आता माझ्या हिशोबानं घ्यायची. जेवून उठल्यावर, वेळ न चुकवता, संपेपर्यंत. तोंडाला लोखंडासारखी चव येईल, लघवी जरा काळपट होईल, घाबरू नका. हातापायाला मुंग्या आल्या, बधीर वाटलं तर मात्र लगेच मला सांगायचं. त्यानंतर ही दुसरी गोळी. ती यकृतासाठी नाही, आतड्यात लपून बसलेल्या जंतूंसाठी. तेव्हा तुम्हाला काहीच होत नसेल, एकदम ठणठणीत वाटेल, तरी ती पूर्ण घ्यायची. नाही घेतली तर पुन्हा हेच."

काकीनं विचारलं, "पूर्ण म्हंजे?"

"पूर्ण म्हणजे पाकीट रिकामं."

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, की जणू डॉक्टरनं तिला देव्हारा विकायला सांगितलाय.

मग सुरू झाला आमचा तमाशा. पहिल्या गोळ्या तिनं घेतल्या, कारण अंगात दुखणं होतं. पण कुरकुर किती! बांगड्याची तिखली केली तर "खिळो चावल्यासारखो लागता." पेज दिली तर "तव्याची चव." एकदा सकाळी मला ओरडून हाक मारली, मी ओल्या हातांनी धावले, तर मोरीकडे बोट दाखवून म्हणते, "बाय, माझ्या आतून चायचां पाणी येता!" मी सांगितलं, डॉक्टर म्हणाली होती ना? "ती म्हणाली होती थोडां काळां. ह्यां बघ!" मी बघितलं नाही. जेवणाच्या वेळी सोलकढीशिवाय दुसऱ्या कशाचं नाव काढू द्यायची नाही, तेवढी एक तिच्या जिभेला जुनी चव देत होती.

त्याच दिवसांत काकीला तपासायला नेलं तेव्हा मी तिचा गोळ्यांचा डबाही डॉक्टरकडे नेला. तिनं त्यातली पाकिटं बघून डोळे मोठे केले. बरीचशी मुदत उलटलेली. "आजी, यातली कुणा पोटुशी बाईला दिली होती का? लहान मुलाला? रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतं अशा कुणाला?" काकी म्हणाली, "आठवणा नाय." ती खोटं बोलत नव्हती, आणि मला वाटतं त्या क्षणी ती पहिल्यांदा घाबरली. परत येताना रिक्षात म्हणाली, "मी वायट करूक नाय गो. मी दिलंय." तिचा हात मी हातात घेतला. मलाही कळत नव्हतं, देणं आणि अपाय इतके जवळ कसे असू शकतात.

दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि खरी लढाई लागली. कारण काकी आता ठणठणीत होती. परड्यात फुलं काढत होती, माझ्या मुलीच्या चुका काढत होती, चहाचा घोट कपात ठेवत होती. एके दिवशी मी पाकीट उलटं करून बघते, तर ज्या दोन गोळ्या एव्हाना पोटात जायला हव्या होत्या त्या तशाच.

"ह्यां काय?"

"आगोटीक."

त्या दिवशी मी भडकले. पाहुणे खोलीत होते, तरी मी आवाज आवरला नाही. "आगोटीक? काकी, तू गोळ्यांचो तळ नाय ठेवणंस, तू रोगाचो तळ ठेवतंस! प्रत्येक खेपेक दोन जंतां पोटात बियाण्याक ठेवलंस, आणि पावसात त्यांचां पीक इलां. तुझो झील इलो तर घराक कुलूप घालून तुका घेवन जातलो. मगे ठेव तळ! कुलपाच्या आत ठेव!"

ती मटकन पडवीत बसली. शेजारच्या बंद घराकडे बघायला लागली. मला लगेच वाईट वाटायला लागलं, पण माघार घ्यायला जीभ रेटेना.

मग हळू आवाजात ती म्हणाली, "बाय, माका कळता सगळां. पण रिकामां पाकीट घरात ठेवूचां कसां? आणि भायर टाकूचां कसां? माझां कधीच काय सपाक नाय गो ह्या घरात. घो गेलो त्या दिवशीपण डब्यात तांदूळ होते."

मी तिच्याजवळ बसले.

त्या दिवसापासून ती गोळी माझ्यासमोर घ्यायची. जीभ बाहेर काढून दाखवायची, लहान पोरासारखी. दिवस सरत गेले, पाकिटातली एकेक खोबण फुटत गेली. आणि नेमकी शेवटची गोळी राहिली त्या सकाळी माझ्याकडे मोठी गाडी भरून पाहुणे आले. घावणे करता करता माझी पाठ मोडली. मोकळी होऊन तिच्याकडे गेले तर काकी पडवीत नारळ सोलत बसलेली.

"घेतलंस?"

"घेतलंय."

"पाकीट दाखव."

"खंय पडलां तां माका म्हायत नाय."

"काकी!"

"घेतलंय म्हणान सांगतंय ना! तुझो माझ्यार इश्वास नाय?"

नव्हता. स्पष्ट सांगते, नव्हता. मी तिचं घर शोधलं. देव्हारा, उशीखाली, मिठाच्या बरणीमागे, पाटीवरवंट्याच्या कोनाड्यात. ती नारळ सोलत राहिली, वर बघितलंसुद्धा नाही. पाकीट कुठेच नव्हतं. पुढे तपासणी झाली, ती स्वच्छ आली. डॉक्टर खूश, झील खूश. पण माझ्या मनातून जाईना. तपासणी खरी, पण काकीही खरी ना! जन्मात कधी तळ न दाखवलेली बाई शेवटची गोळी गिळेल? प्रत्येक पावसाळ्यात मी तिच्याकडे चोरून बघायचे. खांदा धरते का? जेवण उरवते का? म्हणजे उरवायची ती नेहमीचीच, त्यामुळे त्यावरूनही काही कळायचं नाही. माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

रोग परत आला नाही. घराला कुलूप लागलं नाही. गोळ्यांच्या डब्यात तिनं आमसुलं भरली आणि वाडीत कुणी पोट धरून आला की म्हणायची, "माका इचारू नको, बाबा. मालवणाक जा." वर हळूच पुस्ती जोडायची, "आणि सोरो घेवन जाव नको." तांडेलाला बघितलं की तर हमखास.

काही पावसाळे असे गेले. मग गेल्या चतुर्थीनंतर एका संध्याकाळी तिच्या पडवीत दिवा दिसला, पण तिची हाक आली नाही. मी अनवाणी धावले. ती खांबाला टेकून बसली होती, वात नुकतीच पुढे सारलेली, बोटांना तेल. कुठलं दुखणं नाही, धावपळ नाही. वयच झालं होतं. आपल्या घरात, आपल्या पडवीत गेली. मी रडले, खूप रडले, आणि मध्येच मला वाटलं, जिंकलीस गो.

झील आला, दिवस केले, आणि जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "वयनी, कुलूप लावावं लागेल. पण संध्याकाळी दिवा लावाल?" मी हो म्हटलं. मला नाही म्हणताच आलं नसतं.

पहिल्याच आठवड्यात तांदळाच्या डब्यात पोरकिडे झालेले दिसले. म्हटलं, साफ करून ठेवावा. मूठभर तांदूळ होते, नेहमीसारखे. सुपात ओतले तर त्यांच्याबरोबर खाली पडलं एक पाकीट. त्या दुसऱ्या गोळ्यांचं. सगळ्या खोबणी फुटलेल्या. एक सोडून. शेवटच्या खोबणीवरची चांदी परत नीट दाबून बसवलेली होती आणि प्लास्टिकच्या आत काहीतरी पांढरं दिसत होतं.

"फसवलंस मेल्ये!" मी मोठ्यानं म्हणाले. इतकी वर्षं मला जो संशय होता तो हातात होता. इतकी वर्षं ती शेवटची गोळी इथे, तांदळात, आणि ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून घेतलंय म्हणाली! मला राग आला, हसू आलं, पुन्हा राग आला. उजेडात दारापाशी गेले आणि नखानं चांदी सोलली.

तो तांदळाचा दाणा होता.

एकच दाणा. गोळी तिनं गिळली होती. पाकीट रिकामं केलं होतं. आणि मग ते रिकामं राहू नये म्हणून त्यात एक दाणा घालून, चांदी दाबून, मुठीखाली ठेवलं होतं.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मग घरी जाऊन माझ्या डब्यातले मूठभर तांदूळ आणले. दाणा परत खोबणीत घातला, पाकीट डब्याच्या तळाशी ठेवलं, वर तांदूळ ओतले. दिवा लावला. कुलूप लावायच्या आधी मागे वळून त्या अंधाऱ्या माजघरात म्हटलं, "काकी, रिकामां काय नाय गो तुझ्या घरात."